सुगरणीचा खोपा विणतो कोण, निवडतो कोण?



पाऊस चांगला लागला, कपाशीची निंदणी सुरू झाली, की शेतात जाता-येता विहिरीवरच्या बाभळीकडे एकदा मान वर करून बघा. फांद्यांच्या टोकांना गवताचे खोपे लोंबत असतात. वाऱ्यावर हलतात, पावसात भिजतात, पण सुटून पडत नाहीत. आपण म्हणतो, सुगरणीचे खोपे. चांगला स्वयंपाक करणारी, घर नीट चालवणारी बाई ती सुगरण. तेच नाव आपण या पाखराला दिलं. त्यामुळे लहानपणापासून आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की हा खोपा मादी विणते.

खरं तर तो नर विणतो. जवळजवळ सगळा.

एका बचत गटाच्या बैठकीत आम्ही हे सांगितलं तेव्हा आधी कुणाचा विश्वास बसेना, मग हशा पिकला. बाईच्या कामावर गड्याचं नाव लागलेलं आपण जागोजागी बघतो. निंदणी-खुरपणी हिची, सातबारा त्याचा. गड्याच्या कामावर बाईचं नाव लागल्याचं उदाहरण मात्र हे एकच असावं! हसून झाल्यावर एका मावशींनी विचारलं, "मग ती बाई करते काय?"

आजचं बोलणं त्या प्रश्नावर आहे. ती काय करते हे माणसांच्या लक्षात यायला फार वर्षं लागली. ती का लागली, त्याचाही एक इतिहास आहे. त्या इतिहासात आपल्या जळगावच्या बहिणाबाई आहेत, मुंबईच्या डॉक्टर रखमाबाई आहेत आणि पक्षी बघण्यात आयुष्य घालवलेले सालिम अलीही आहेत.

आधी पाखराची ओळख करून घेऊ. वर्षातले बरेच महिने सुगरणीचे नर-मादी सारखेच दिसतात. चिमणीएवढे, मातकट रंगाचे, अंगावर काळपट रेघा. पावसाळा जवळ आला की नराचा रंग बदलतो. डोकं आणि छाती हळदीसारखी पिवळी होते, तोंड आणि गळा गडद तपकिरी होतो. मादी आहे तशीच राहते. बरेच नर मिळून एखादं झाड धरतात. बाभूळ, शिंदी, पाण्यावर वाकलेली फांदी अशा जागा त्यांना आवडतात. खाली पाणी, वर काटे आणि फांदी बारीक, म्हणजे साप-मांजराला वाट सोपी राहत नाही.

मग विणकाम सुरू होतं. नर गवताच्या किंवा शिंदीच्या पात्यावर बसतो, कडेला चोचीने खाच पाडतो, तिथे धरतो आणि उडतो. उडता उडता पात्याची लांब चिंधी निघून येते. ती वीतभर असते, कधी हात-दीड हात. एका खोप्यासाठी तो अशा सुमारे ५०० खेपा घालतो. आधी फांदीला गाठी मारून देठ करतो, देठाखाली कडं विणतो, कड्यावर छप्पर चढवतो. आठेक दिवसांत खोपा हेल्मेटसारखा, उपड्या टोपीसारखा दिसू लागतो. टोपीच्या मधोमध एक आडवी दांडी असते. तिच्या एका बाजूला पुढे अंड्यांची खोली होणार असते, दुसऱ्या बाजूला आत शिरायची नळी.

इथवर आल्यावर नर काम थांबवतो. पुढचं काम मादीच्या होकारावर असतं.

माद्या येतात, एकेक नाही तर थव्याने. त्यांना बघून झाडावर एकच कल्लोळ होतो. प्रत्येक नर आपापल्या अर्ध्या खोप्याला लटकून पंख फडफडवतो आणि ओरडतो. मादी एका खोप्यात शिरते, दांडीवर बसते, आतून बघते. पटलं नाही तर दुसऱ्यात जाते. तिथेही नाही पटलं तर पुढच्या झाडावर. पटलं तर मात्र ती तिथेच राहते आणि मगच नर खोली पुरी करतो, खाली उतरणारी नळी विणतो. सगळे मिळून साधारण १८ दिवस लागतात. आतलं शेवटचं साफसूफ, मऊ अस्तर यात मादी हात घालते.

आपल्याकडे मुलगी बघायला पाहुणे येतात. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर येते आणि पाहुणे तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळतात. सुगरणीच्या झाडावर पाहुणी मादी असते, आणि न्याहाळलं जातं ते नराचं घर.

झाडावर जे अर्धेच राहिलेले खोपे दिसतात, त्यांचं कोडंही इथे सुटतं. तो नराचा झोपाळा आहे, मादी अंड्यांवर बसली की नर त्यात बसून राखण करतो, असा समज ऐकायला मिळतो. पण त्यांतले बरेचसे खोपे म्हणजे कुठल्याच मादीला न पटलेली घरं. आणखी एक समज तुम्हीही ऐकला असेल की सुगरण ओल्या मातीत काजवे चिकटवून रात्री घरात दिवा लावते. खोप्यात आतून मातीचे गोळे लावलेले असतात हे खरं आहे. काजव्यांची गोष्ट मात्र माणसांनी जोडलेली.

आता जुन्या काळात जाऊ. या पाखराची हुशारी आपल्या देशात फार पूर्वीपासून ठाऊक होती. पावसात कुडकुडणाऱ्या माकडाला घर बांधायचा सल्ला देणारं आणि त्यापायी स्वतःचं घरटं गमावून बसणारं पाखरू आपल्या जुन्या नीतिकथांत आहे. अकबर बादशहाच्या दरबारातल्या अबुल फजलने 'ऐन-ए-अकबरी'त या पाखराचं कौतुक केलंय. ते माणसाळतं, शिकवलं तर हातातलं नाणं घेऊन मालकाला आणून देतं, असं तो सांगतो. त्याच अकबराने १६०१ साली असीरगड घेऊन आपल्या खानदेशातलं फारुकी राज्य बुडवलं. म्हणजे ४०० वर्षांपूर्वी सुगरण दरबारी पुस्तकात पोचली होती, पण ती माणसाचं ऐकणारं पाखरू म्हणून. तिची स्वतःची पसंती-नापसंती कुणी लिहिली नाही.

मादीच्या पसंतीचा प्रश्न जगापुढे आला तो दुसऱ्याच एका पाखरामुळे. त्यासाठी जरा ऑस्ट्रेलियाला जावं लागेल.

ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी बेटावर बाउअरबर्ड नावाचे पक्षी आहेत. आपण त्यांना मांडवपक्षी म्हणू, कारण त्यांचा नर खरोखर मांडव घालतो. घरटं नव्हे. जमिनीवर काटक्या उभ्या रोवून तो दोन भिंती करतो, समोर अंगण झाडतो आणि त्यात शिंपले, फुलं, फळं, पिसं मांडून ठेवतो. त्यांतल्या एका जातीला निळ्या रंगाचं वेड आहे. निळी पिसं, निळी फुलं आणि अलीकडे बाटल्यांची निळी प्लास्टिकची झाकणंसुद्धा तो गोळा करतो. चावलेल्या पाल्याचा रस भिंतींना आतून फासतो. शेजाऱ्याच्या मांडवातल्या वस्तू चोरतो, संधी मिळाली तर त्याचा मांडवही मोडतो. मादी येते, चार मांडव फिरते, नराचा नाच बघते आणि त्यांतला एक नर निवडते. नंतर ती दुसरीकडे जाऊन स्वतःचं घरटं एकटीने बांधते आणि पिल्लं एकटीने वाढवते. नराचा मांडव नुसता दाखवायचा.

हे मांडव पहिल्यांदा पाहिले तेव्हा काही गोऱ्या प्रवाशांना वाटलं की तिथल्या आदिवासी आयांनी पोरांना खेळायला केलेली ही घरं असावीत. एवढी नीट मांडणी पाखराची असेल हे त्यांना पटेना. हे पाखराचं काम आहे, असं युरोपात ठासून सांगितलं ते जॉन गूल्ड या इंग्रज अभ्यासकाने. १८४० साली त्याने हे मांडव लंडनला नेऊन लोकांना दाखवले.

त्या प्रवासात त्याची बायको एलिझाबेथ बरोबर होती. ती चित्रकार. गूल्डच्या पुस्तकांतली शेकडो पाखरं तिच्या हातची आहेत. १८३८ साली धाकटी तीन मुलं आईकडे ठेवून ती नवऱ्याबरोबर जहाजात बसली. त्याच प्रवासात तिचं आणखी एक बाळंतपण झालं. परत आल्यावर वर्षभरात, १८४१ साली, आठव्या बाळंतपणानंतर ती गेली. तेव्हा ती ३७ वर्षांची होती. पुस्तकं गाजली आणि आजही ओळखली जातात ती गूल्डच्या नावाने. ती चित्रं काढणारी बाई कोण, हे जगाने पुष्कळ उशिरा विचारलं.

गूल्डने सांगितलेल्या या मांडवांचा आधार घेऊन चार्ल्स डार्विनने १८७१ साली एक धाडसी विचार मांडला. नराचा रंग, गाणं, नाच, मांडव हे सगळं कशासाठी? मादी बघते म्हणून, असं त्याने सांगितलं. हजारो पिढ्या माद्यांनी काही नर पसंत केले, काही नाकारले, आणि त्या निवडीतून नरांचं रूप घडत गेलं. मोराचा पिसारा त्याने असाच उलगडून दाखवला.

डार्विनच्या बाकीच्या बऱ्याच गोष्टी विद्वानांनी मानल्या. ही मात्र अनेकांच्या गळी उतरेना. नर एकमेकांशी झुंजतात, जिंकतो त्याला मादी मिळते, इथपर्यंत ठीक. पण मादीला स्वतःची आवड असते, ती बघते आणि ठरवते, हे कसं मानायचं? डार्विनच्या बरोबरीचा मोठा शास्त्रज्ञ आल्फ्रेड वॉलेस यानेही हे नाकारलं. त्यानंतर जवळपास १०० वर्षं हा विचार कोपऱ्यात पडून राहिला. त्या काळच्या साहेबांच्या देशात बाईला मतदानाचा हक्क नव्हता. घरातल्या बाईचं मत ज्यांनी विचारलं नाही, त्यांना पाखराच्या मादीला मत असेल हे सुचणं अवघडच होतं, असं आम्हाला वाटतं.

आणि आपल्याकडे काय चाललं होतं? त्याच सुमारास मुंबईत एका मराठी मुलीने नेमका हाच प्रश्न माणसांबद्दल विचारला. तिचं नाव रखमाबाई. ११ वर्षांची असताना तिचं लग्न लावून दिलेलं. मोठी झाल्यावर तिने सासरी जायला नकार दिला. नवरा दादाजी भिकाजी १८८४ साली कोर्टात गेला. तिचं म्हणणं सरळ होतं. कळत नसलेल्या वयात, माझ्या संमतीशिवाय झालेलं लग्न मी मानत नाही. १८८५ साली तिच्या बाजूने निकाल लागला, मग तो फिरला आणि १८८७ साली कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंगात जाईन, पण सासरी जाणार नाही, असं तिने कळवलं. देशभर गदारोळ झाला. याच काळात तिने वर्तमानपत्रात बालविवाहाविरुद्ध पत्रं लिहिली, ती स्वतःच्या नावाने नाही, 'एक हिंदू स्त्री' एवढ्याच सहीने. अखेर १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली. रखमाबाई इंग्लंडला गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि परत येऊन कितीतरी वर्षं सुरतेला बायकांच्या दवाखान्यात काम केलं. सुरत म्हणजे आपल्याच तापीच्या काठचं गाव. भुसावळजवळून वाहणारं पाणी पुढे रखमाबाईंच्या सुरतेला जातं.

तुम्ही म्हणाल, पाखराच्या गोष्टीत रखमाबाई कुठून आल्या? त्यालाही कारण आहे. रखमाबाईंच्या आईचा पुनर्विवाह झाला होता. सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन यांनी या मुलीला शिकवलं आणि तिच्या नकाराला पाठिंबा दिला. हेच डॉक्टर सखाराम अर्जुन वनस्पतींचेही अभ्यासक होते. १८८३ साली मुंबईत आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली, झाडं, प्राणी आणि पाखरं यांचा अभ्यास करायला. त्या आठांतले दोघेच भारतीय होते. एक डॉक्टर आत्माराम पांडुरंग आणि दुसरे हे सखाराम अर्जुन. सुगरणीचा खरा संसार पुढे याच संस्थेच्या मासिकात छापून आला.

पण त्याआधी आपल्या गावाकडे येऊ. रखमाबाईंचा खटला कोर्टात होता तेव्हा जळगावजवळच्या असोद्याला महाजनांच्या घरी बहिणाबाई नावाची लहान मुलगी वाढत होती. जन्म १८८० चा. तेराव्या वर्षी लग्न होऊन ती जळगावच्या चौधऱ्यांच्या घरी आली. शाळा नाही, अक्षरओळख नाही. ऐन वयात वैधव्य आलं. शेतात राबली, जात्यावर दळता दळता स्वतःची गाणी रचली, आपल्या लेवा बोलीत. मुलगा सोपानदेव आणि जवळच्या नातलगांनी त्यांतली काही लिहून घेतली, म्हणून ती उरली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी भीतभीत ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक आलं. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. ते २०१८ साली दिलं गेलं. सही करता न येणाऱ्या बाईच्या नावाने आता पदव्यांवर शिक्के बसतात.

सुगरणीच्या खोप्यावरचं त्यांचं गाणं शाळेत शिकलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. त्या गाण्यात खोपा विणते ती मादी, पिल्लांची आई. मग बहिणाबाई चुकल्या का?

आम्ही यावर बराच विचार केला. एक तर त्यांनी पाखराचं नाव जसं ऐकलं तसं घेतलं, आणि आपल्या बोलीत ते नाव बाईचंच आहे. दुसरं, खोप्याकडे आपलं लक्ष केव्हा जातं? आतून पिल्लांचा चिवचिवाट ऐकू येतो तेव्हा. त्या वेळी नळीतून आत-बाहेर करताना दिसते ती बहुतेक मातकट रंगाची मादी. कारण एकदा घर पसंत पडलं की दोन ते चार पांढरी अंडी ती घालते. १४ ते १७ दिवस त्यांच्यावर बसते ती एकटी. पिल्लांना भरवण्याचं कामही बहुतेक तिचंच. नर कधीमधी मदत करतो, बऱ्याचदा तोवर तो पुढच्या खोप्याच्या मागे लागलेला असतो. बांधणारा निघून जातो आणि घर चालवणारी मागे राहते. हे दृश्य बहिणाबाईंनी बरोबर टिपलं होतं. त्या चौधरी वाड्यात त्यांनी स्वतः तेच केलं होतं. विणणारा कोण याचा तपशील चुकला, झाडावर टांगून घेतलेलं आईपण चुकलं नाही.

विणणाऱ्याचा तपशील कुणी पाहिला? १९३० साली सालिम अली जर्मनीतून पक्ष्यांचा अभ्यास शिकून मुंबईला परतले. येऊन बघतात तर संग्रहालयातली त्यांची नोकरीची जागाच पैशांअभावी बंद झालेली. हातात काम नाही. ते आणि त्यांच्या पत्नी तहमीना अलिबागजवळ किहीमला, समुद्रकाठच्या घरात राहायला गेले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. बेकारीच्या त्या पावसाळ्यात सालिम अली रोज ती बघत राहिले. कोणता खोपा कुणाचा, कोण आलं, कोण गेलं, याची नोंद ठेवत गेले.

आणि सगळा उलगडा झाला. विणतो नर. खोपा अर्धा झाल्यावर माद्या येतात, बघतात, आणि त्यांतली एखादी खोपा ताब्यात घेते. ती अंड्यांवर बसली की नर जवळच दुसरा खोपा विणायला घेतो, तो पटला की दुसऱ्या मादीचा संसार सुरू होतो, मग तिसरा. १९३१ साली हा लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मासिकात छापून आला. सालिम अलींचं पहिलं मोठं नाव झालं ते या सुगरणीमुळे. तहमीना पुढे त्यांच्या पाहणी-दौऱ्यांत रानोमाळ बरोबर राहिल्या आणि १९३९ साली गेल्या. नोकरी गेलेल्या नवऱ्याला पाखरं बघत बसू देणं आणि घर चालवणं हे काम त्या काळात कुणी केलं असेल, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

जरा हिशेब करा. १९३० साली सालिम अली किहीमला बाभळीकडे बघत होते तेव्हा पन्नाशीच्या बहिणाबाई जळगावच्या शिवारात त्याच पाखराकडे बघत होत्या. एकाकडे वही होती, एकीकडे जातं. एकाला नर दिसला, एकीला आई दिसली. दोघांचं बघणं एकत्र ठेवलं तर पाखरू पुरं होतं.

तरीही एक प्रश्न शिल्लक होता. मादी खरंच निवडते, की असाच कुठला तरी खोपा घेते? याचं उत्तर यायला आणखी ५० वर्षं लागली. आफ्रिकेत केनियाच्या गवताळ माळावर सुगरणीच्याच गोतातलं एक पाखरू आहे, विडोबर्ड. त्याचा नर काळा आणि शेपूट जवळजवळ अर्धा मीटर लांब. एका स्वीडिश शास्त्रज्ञाने काही नरांची शेपटं कापली आणि ते तुकडे दुसऱ्या नरांना चिकटवून त्यांची शेपटं आणखी लांब केली. मग बघितलं, तर जास्त लांब शेपटीच्या नरांच्या हद्दीत जास्त माद्यांनी घरटी केली. १९८२ साली हे छापून आलं. डार्विनचं म्हणणं कधी नव्हे ते असं मोजून दाखवता आलं. पुढे सुगरणीवरही अभ्यास झाले. २००६ साली छापून आलेल्या एका अभ्यासात दिसलं की मादी खोपा घेताना विणीच्या नक्षीपेक्षा जागेला जास्त महत्त्व देते. खोपा किती उंच आहे, फांदी किती बारीक आहे, हे ती बघते. म्हणजे पिल्लांचं भलं कशात आहे ते. आपण मुलीला स्थळ बघताना घराचा रंग बघतो की पाण्याची सोय बघतो? तसंच हे.

तर मावशींच्या प्रश्नाचं उत्तर असं. ती पारखते आणि ठरवते. ५०० खेपा घालणाऱ्याचे कष्ट डोळ्यांना दिसतात. दांडीवर बसून आतून बघणारीचं काम दिसत नाही, पण कुठला खोपा पुरा होणार आणि कुठल्या घरात पिल्लं वाढणार हे तिच्या त्या बघण्यावर ठरतं. शेकडो वर्षं या पाखराचं कौतुक झालं, त्यात हे काम कुणी मोजलं नाही.

पाखरांवरून माणसाचे कायदे काढू नयेत, हेही लगेच सांगतो. सुगरणीचा नर एकीला घरात बसवून दुसरीच्या मागे जातो. तो धडा आपल्या गावात कुणी गिरवू नये! माणसाचे कायदे माणसांनी भांडून मिळवावे लागतात. रखमाबाईंनी किंमत मोजली, त्यानंतर १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. १९२९ साली मुलीच्या लग्नाचं वय १४ झालं, १९७८ साली ते १८ झालं. कायद्यात वय आहे, पण मुलीला "तुला पटलं का?" असं विचारणं कायद्याच्या कागदाने होत नाही, ते घरातच व्हावं लागतं. विचारल्यावर तिने "नाही" म्हटलं तर ते ऐकूनही घ्यावं लागतं. बहिणाबाईंना तेराव्या वर्षी कुणी विचारलं नव्हतं. तुमच्या-आमच्यातल्या कितीजणींना विचारलं होतं?

आणखी एक. घर बांधताना विटा-पाणी डोक्यावर आपणही वाहिलं. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर आपलं नाव आहे का, ते या महिन्यात एकदा बघून या. नसेल तर गटाच्या बैठकीत विषय काढा.

शेवटचं सांगणं झाडाविषयी. विहिरीवरची बाभूळ, नाल्याकाठची शिंदी आडवी येते म्हणून आपण सहज तोडतो. पाऊसपाण्याच्या दिवसांत तरी खोपे असलेल्या फांदीला हात लावू नका. रिकामा खोपा दारात टांगायला छान दिसतो, पण तोही झाडावरच राहू द्या. मुनियासारखी लहान पाखरं त्यात नंतर बिऱ्हाड करतात.

या पावसाळ्यात तुमच्या शिवारातलं एक झाड निवडा. नळी असलेले पुरे खोपे किती आणि टोपीसारखे अर्धे किती, ते मोजा. आकडे आणि गावाचं नाव आपल्या केंद्रावर कळवा, पुढच्या भागात आम्ही ते वाचून दाखवू. मोजायला मुलींना बरोबर न्या आणि अर्धा खोपा त्यांना बोटाने दाखवा. "हा अर्धाच का गं?" असं त्यांनी विचारलं, तर त्यांना सांगा, "तिला पटला नाही, म्हणून."